माझे पुढचे दोन दात आणि केरबामामा

"गाल दुखत नाहीत का हो?"

हा प्रश्न मला भोरच्या बाजारात विचारला गेला आहे, न्हाव्यासमोर मान खाली घालून बसलेलो असताना विचारला गेला आहे, आणि एकदा तर एका मयताहून परतताना खुद्द मयताच्या भावाने विचारला आहे. नाही दुखत. ट्रंपेट गालांनी वाजवत नाहीत. गाल फुगवून फुंकणारा दिसला की समजावं, हा अजून शिकतो आहे, नाहीतर कधीच शिकणार नाही. ट्रंपेट वाजते ओठांनी. ओठ घट्ट मिटायचे, त्यांवर पितळी मुखडा टेकवायचा आणि मिटल्या ओठांतून वारा असा सोडायचा की ते थरथरले पाहिजेत. ती थरथर म्हणजेच सूर. तीन कळा बोटांखाली असतात, पण निम्मे सूर त्या कळांत नसतातच. ते ओठांच्या ताणात असतात. आणि ओठांना आतून आधार कशाचा, तर पुढच्या दातांचा. भिंतच नसेल तर गिलावा कशावर धरणार?

इतकी साधी गोष्ट, पण एकाही यजमानाने कधी ऐकून घेतली नाही. या अंकाचे संपादक घरी आले आणि "तुमच्या संगीतसेवेविषयी लिहा" म्हणाले, तेव्हा मी त्यांना तिथेच सांगितलं की सेवाबिवा काही नाही, मी दातांविषयी लिहीन.

आमच्या घरी देवळातली सनई. मी ट्रंपेट धरली तेव्हा वडील म्हणाले, "पितळच फुंकायचं असेल तर कल्हईवाल्याकडे जा, त्याच्याकडे भाता आहे." मला शिकवलं पलटणीच्या बँडात वाजवून, पहिली लढाई संपल्यावर भोरला येऊन राहिलेल्या एका हवालदारांनी. त्यांच्यामागे आमची बँडपार्टी माझ्याकडे आली. लाल डगले, टोपीला तुरा, आणि आत सगळी आमची साधी माणसं. लग्नसराईत बँड, पावसाळ्यात उत्रोलीकडच्या खाचरांत भातलावणी. क्लॅरिनेटवर होते इस्माईलचाचा. वयाने माझ्याहून पुष्कळ मोठे, धंदा बांगड्या भरण्याचा. त्यामुळे कुणाकडे लग्न ठरलंय हे भटजींच्या आधी चाचांना कळायचं, आणि बहुतेक सुपाऱ्या त्यांच्याच ओळखीने यायच्या.

बाकी यजमानांबद्दल काय सांगू! म्हाताऱ्यांना नाटकातली पदं हवीत. तरण्यांना पुण्याला पाहिलेल्या बोलपटातलं गाणं हवं. ते गाणं कोणतं असं विचारलं की तिघं जण तीन चाली गुणगुणणार, आणि "एवढं येत न्हाई व्हय तुमाला?" म्हणून वर आम्हालाच बोलणार. आंबवड्याला झुलता पूल झाला, त्यानंतर तिथली एक वरात मला अजून आठवते. हवालदारांनी मला पक्कं सांगितलं होतं की झुलत्या पुलावर ठेक्यात पावलं टाकायची नाहीत, पाऊल मोडून चालायचं, नाहीतर पूल झोके घ्यायला लागतो. मी पुलाच्या तोंडाशी बँड थांबवला आणि सगळ्यांना सांगितलं, "आता वाजवायचं नाही. सुटं सुटं, आपापल्या चालीने पलीकडे चला."

मुलीचे वडील भडकले. "वाजवायचं न्हाई? माज्या पोरीची वरात हाय का मयत?"

"अहो, पूल हलेल."

"हलू द्या. आमी काय कागदाचं हाय?"

पूल तोवर हलायला लागलाच होता, कारण हलगीवाल्याने माझं न ऐकता पुढे जाऊन ठेका धरला होता आणि पाचपंचवीस माणसं त्यावर नाचत होती. बायका किंचाळल्या. नवरा-नवरी मधोमध, लोखंडी दोराला धरून उभी. हलगी मी हिसकावून घेतली तेव्हा कुठे नाच थांबला. पण मुकी वरात अशुभ, म्हणून वडील जागचे हलेनात. शेवटी इस्माईलचाचा कंटाळून म्हणाले, "मास्तर, मी एकटा काहीतरी वाजवतो. बिनठेक्याचं." आणि त्यांनी एक लांब, संथ आलाप सुरू केला. त्यावर पावलं टाकायची म्हटली तरी पडत नाहीत. लोक सावकाश पलीकडे गेले. नवरी रडली, आई रडली, वडीलही रडले. झालं! तेव्हापासून त्या बाजूच्या प्रत्येक लग्नात "पुलावरची ती रडायची चाल" वाजलीच पाहिजे असा हट्ट. पुढे एकाने तर घरासमोर ओढासुद्धा नसताना ती मागितली.

हे आपलं सहज सांगितलं. मूळ गोष्ट पालीची.

पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव. भोरहून आम्ही बैलगाडीने गेलो होतो. नवऱ्या मुलाला वडील नव्हते. त्याला लहानाचा मोठा केला होता त्याच्या मामाने, केरबाने. केरबामामा तालमीतला गडी. मान म्हणून काही नाही, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. सुपारी द्यायला ते स्वतः भोरला आले होते आणि चाचांच्या क्लॅरिनेटला हात लावून म्हणाले होते, "ही बारकी नळी ऱ्हाऊ द्या. ती मोठी पिवळी हाय ना, ती वाजवा. गडावर ऐकू गेलं पायजे."

दुपारी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेत होतो. मी घोड्याच्या जरा पुढे. चाल चढत चढत वरच्या सुरावर आली. तो सूर मी नेहमी लांबवत असे, कारण तो लांबवता येणारा पुण्याच्या अलीकडे मी एकटाच, असं मला वाटायचं आणि ते बहुधा खरंही होतं. मामांनी एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना भरून आलं. भरून आल्यावर इतर माणसं डोळे पुसतात. केरबामामा धावत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. वाजवत असताना. समोरून.

ट्रंपेटचं तोंड त्यांच्या छातीवर बसलं. छाती काही मागे सरली नाही. त्यामुळे मुखडा माझ्या तोंडात घुसला. वरचे पुढचे दोन दात कडकन तुटले. एक माझ्या जिभेवर आला, दुसरा मी बहुतेक गिळला.

डगला लाल. त्यामुळे रक्त कुणाला दिसलंच नाही. मी तोंड धरून वाकलो तर बाजूचा एक वऱ्हाडी म्हणतो, "थांबला का? वाजवा की!" मामा मला मिठीतून सोडून पुढे जाऊन नाचतही होते. इस्माईलचाचांनी मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एका श्वासाचीही फट न ठेवता माझी चाल क्लॅरिनेटवर उचलली. लग्न पार पडलं. जेवणाच्या पंगतीत मला काही चावता येईना, तेव्हा मामांना कळलं. मुठीएवढा लाडू हातात तसाच धरून ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"म्या?" ते म्हणाले. "म्या केलं ह्ये?"

मी मान हलवली. तोंड उघडून बोलण्यासारखी स्थिती नव्हती.

"मास्तर, मला मारा."

त्यांना मारून माझा हातच मोडला असता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याने मी दात गेल्यापेक्षा जास्त बेजार झालो. दर बाजारी केरबामामा भोरला माझ्या दारात हजर. एवढ्या लांबून, चालत. कधी मऊ खिमटीसाठी आंबेमोहोर तांदूळ, कधी डोंगरातला मध, कधी वैदूने दिलेला पाला. एकदा शिंगाचे दोन दात कोरून घेऊन आले. ते बैलाला बसले असते. मी वैतागून आत निघून जायचो. माझी बायको सगुणा त्यांना चहा करून द्यायची आणि नंतर मलाच म्हणायची, "तुमच्यापेक्षा ते बरे. चूक झाली म्हणतात तरी."

"चूक झाली म्हणून दात येतो का?"

"नाही. पण त्यांनी यायचं थांबवलं तरी येणार नाही ना?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

इकडे बँडची अवस्था वाईट. लग्नसराई चालू, आणि मी नुसती काठी हलवतोय. ट्रंपेट लोकांना का हवी असते? ती एका डोंगरावरून दुसऱ्यावर ऐकू जाते म्हणून. पलीकडच्या वाडीला कळलं पाहिजे, इकडे लग्न आहे. क्लॅरिनेट गोड खरी, पण पहिल्या वळणाच्या पुढे जात नाही. चाचा जीव तोडून वाजवत, पण वय झालेलं, चढावर त्यांना धाप लागे. ठरलेल्या दोन सुपाऱ्या लोकांनी मोडल्या. साईड ड्रमवाला पुण्याच्या एका बँडात जातो म्हणाला. मी त्याला जा म्हणालो आणि तो खरंच गेला.

शेवटी पुण्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. सर्व्हिस मोटारीत बसतो तर शेजारी केरबामामा. त्यांना कुणी सांगितलं? सगुणाने. डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलं आणि ते काही बोलायच्या आत मामा पुढे झाले, आ वासला आणि म्हणाले, "ह्यातलं पायजेत ते दोन घ्या. सगळं घट हायत."

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी शांतपणे समजावलं की एकाचा दात दुसऱ्याला बसवता येत नाही. मामांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांना धीर द्यावा लागला. खोट्या दातांची कवळी करून मिळाली. ती लावून मी बोलू शकलो, भाकरी खाऊ शकलो. घरी येऊन अंगणात ट्रंपेट लावली, जोर केला, आणि कवळी सुटून सगुणाने भिजत घातलेल्या डाळीत पडली.

मग एकच मार्ग उरला. मुखडा मधोमध न लावता डावीकडे, जिथे दात शाबूत होते तिथे लावून वाजवायला शिकायचं. म्हणजे उजव्या हाताने जन्मभर लिहिलेल्याने डाव्या हाताने अक्षर गिरवायचं. ओठांचा तो भाग अडाणी. त्याला काहीच माहीत नाही. पावसाळा सुरू झाला, लग्नं थांबली, आणि मी रोज सराव करू लागलो. आवाज असा निघे की शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आमची म्हैस दूध चोरायला लागलीय." नदीकाठी गेलो तर धुणं धुणाऱ्या बायका हसत. मी ट्रंपेट फडक्यात गुंडाळून ठेवली.

बाजाराच्या दिवशी मामा आले. फडक्यातली ट्रंपेट त्यांनी पाहिली.

"आमच्याकडं चला," ते म्हणाले. "गोठ्याच्या वर माळा हाय. तितं कोन हाय ऐकाय? म्या, माजी मालकीन, लेक अन् गड."

"मामा, तुम्ही मला मोकळं सोडा. हात जोडतो."

"त्ये न्हाई व्हायचं," मामा म्हणाले. "आधी तुमी वाजवा. मंग सोडतो."

सगुणाने माझं बोचकं बांधूनच ठेवलं होतं. गेलो. त्या माळ्यावर भाताचा पेंढा, खाली जनावरांची ऊब, बाहेर न खळणारा पाऊस, आणि मी सकाळ-संध्याकाळ वाकड्या तोंडाने फुंकतोय. मामा खाली खाचरात लावणी करत. दुपारी भाकरी घेऊन वर येत आणि सांगत, "आज रेडकू वरडल्यावानी झालं." दुसऱ्या दिवशी, "आज रेडकू न्हाई, पर मानूस बी न्हाई." मला संताप येई. पण सांगतो, आयुष्यात मला इतकं खरं कुणी सांगितलं नव्हतं. लग्नातले लोक एकतर वाहवा करतात, नाहीतर सरका म्हणतात. एका दुपारी मामा भाकरी ठेवून नुसतेच बसले. मी विचारलं, "का? आज काही नाही?"

"चिखलात पाय ऱ्हायला तसाच," ते म्हणाले. "ऐकत हुबा ऱ्हायलो. बायको वरडली तवा निगालो."

पाऊस सरला तसा मी भोरला परतलो. वाजवू लागलो होतो. पण तो वरचा, लांबवण्याचा सूर काही परत आला नाही. तो शेवटपर्यंत आला नाही. त्याच्या खालचे सगळे सूर मिळाले, लोकांना फरकही कळला नाही. मला रोज कळायचा.

आणि मामांनी मला सोडलं का? छे! लग्नसराईच्या पहिल्याच दिवशी आले आणि म्हणाले, "मलाबी बँडात घ्या." मी मोठा ढोल त्यांच्या गळ्यात घातला. ढोल त्यांना पिसासारखा हलका, पण ठेक्याचा आणि त्यांचा काही संबंधच नाही. चाचांनी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला, मी केला. मामा आनंदात असले की ठेका पुढे पळे, आणि ते नेहमीच आनंदात असत. चाचा म्हणाले, "मास्तर, ढोल काढून घ्या. नाहीतर मी क्लॅरिनेट मोडीत घालतो." ढोल काढून घेतला. मामा तरीही गेले नाहीत. डगला त्यांनी अंगावरच ठेवला, बटणं न लावता, कारण ती लागत नसत, आणि माझ्यासमोर दोन पावलांवर उभे राहिले. माझ्याकडे पाठ, गर्दीकडे तोंड, दोन्ही हात पसरलेले.

तेव्हापासून दुसरी लढाई सुरू होऊन पुष्कळ दिवस जाईपर्यंत, दर लग्नसराईत ते तसेच माझ्यापुढे चालले. खाचर सांभाळून, पाली-भोर करत. नाचणारे येत, अंगावर पडत, मामांना आपटून मागे जात. यजमान विचारत, "ह्यो गडी काय वाजवतो?"

मी सांगायचो, "हा काही वाजवत नाही. हा मला वाचवतो."

"मंग त्येला जेवायला कशापायी घालायचं?" असंही एकाने विचारलं. मी त्या लग्नात जेवलो नाही.

मामांच्या लेकीचं लग्न ठरलं ते ऐन लढाईत. बँड अर्थात आमचाच. सकाळी मांडवात आलो तर मामा लाल डगला घालून तयार.

"अहो, हे काय? तुम्ही मुलीचे बाप. तुम्हाला कन्यादानाला बसायचंय."

"कन्यादान भटजी करून घील. तुमच्या म्होरं कोन चालंल?"

"कुणी नाही. डगला काढा."

"मास्तर, वऱ्हाड तालमीतलं हाय. मला दिसतंय ना."

मी त्यांच्या अंगावरून डगला अक्षरशः ओढून काढला. त्यांची मालकीण हातात नवं उपरणं घेऊन उभी होती, ती म्हणाली, "मास्तर, तुमीच सांगा ह्यास्नी. आमचं कोन ऐकतंय?" शेवटी मामा उपरणं घेऊन पाटावर जाऊन बसले, पण मान सारखी वळवून माझ्याकडे बघत.

वऱ्हाडाला सामोरे गेलो. मी वाजवत होतो. समोर मोकळं होतं आणि मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ, तसाच बिनमानेचा गडी, नाचत नाचत आला, दोन्ही हात उघडून. त्याच्या चेहऱ्यावर तेच प्रेम होतं. मी ओळखलं. मी ट्रंपेट ओठांवरून काढली आणि गर्रकन पाठ केली. तो पाठीवर आला. मी गुडघ्यांवर पडलो, ट्रंपेट हातातून निसटली, आणि मागून येणाऱ्या नाचणाऱ्यांच्या पायांखाली गेली. कुणी उचलून दिली तेव्हा ती चपटी होती. कळा मोडलेल्या, नळी दुमडलेली.

मामा पाटावरून उठून मांडवातून धावत आले. भटजी ओरडताहेत, वरपक्ष बघतोय. त्यांनी माझी हनुवटी हातात धरली आणि तोंड उघडायला लावलं, बैल विकत घेताना उघडतात तसं.

"दात हायत न्हवं?"

"आहेत."

"सगळं?"

"जेवढे होते तेवढे आहेत, मामा. सोडा."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की हातातल्या चपट्या ट्रंपेटबद्दल मी काही बोललोच नाही. विलायती वाद्यं लढाईमुळे येत नव्हती. पुण्याला एका कारागिराने ती ठोकून सरळ करून पाहिली, पण तिला आवाज राहिला नव्हता. लढाई संपून नवी मिळण्यासारखी झाली, तोवर गावोगाव लाऊडस्पीकर आला होता. तो डोंगरावरून डोंगरावर ऐकू जातो, त्याला दात लागत नाहीत, आणि त्याला कुणी मिठीही मारत नाही. मी ट्रंपेट पुन्हा धरली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला कळत होतं ते इतकंच की लग्न अजून व्हायचं आहे, आणि मामांना पाटावर बसवायचं आहे. मी त्यांना दंडाला धरून मांडवात नेलं आणि भटजींच्या हवाली केलं. मग बँडकडे आलो. सगळे माझ्याकडे बघत उभे होते. इस्माईलचाचांनी क्लॅरिनेट ओठांना लावली. ते आता फार थकले होते, त्यांचेही दात थोडेच उरले होते. ढोलाने ठेका दिला, चाचांनी चाल धरली, आणि वऱ्हाड पुन्हा नाचू लागलं. नवऱ्याचा थोरला भाऊ पुन्हा हात उघडून पुढे येताना दिसला.

माझे हात रिकामेच होते. मी चाचांच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि ते हात दोन्ही बाजूंना पसरले.